ड्रॅगन मेला की नाही?

रमाकांतांना पत्त्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नियमांचं पुस्तक दिसलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. बडोद्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं नियमच चघळले होते ना! नात सानवीला राक्षस-ड्रॅगनांच्या पत्त्यांचं वेड लागलं, तेव्हा तिचं चाळीस पानी पुस्तक त्यांनी लाल पेन्सिलीनं रेघा मारमारून पाठ केलं.

"आजोबा, नवीन आलेला प्राणी पहिल्या फेरीत हल्ला करत नाही."

"बरोबरच आहे. प्रोबेशनवर असतो तो!"

"आणि हल्ला केला की पत्ता आडवा ठेवायचा."

"रजा मंजूर!"

"मेलेल्यांना पेन्शनही सुरू करा एकदाची," सानवीची आजी निरुपमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

रविवारी गोरव्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये अंतिम सामना होता. जिंकेल तो अहमदाबादला राज्य स्पर्धेला जाणार. सानवीनं त्यासाठी महिनाभर खेळणं-बागडणं सोडलं होतं. समोर विहंग आणि त्याचा पाच ताकदीचा ड्रॅगन. सानवीनं आधीच्या फेरीत त्याला तीन घाव घातले, या फेरीत दोन. तीन नि दोन पाच! विहंगनं तोंड पाडून ड्रॅगन मेलेल्यांच्या ढिगावर ठेवला. सानवीचा चेहरा फुलला.

रमाकांत मात्र खुर्चीत चुळबुळू लागले. 'गप्प बस,' त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. पण मेली सवय, जाते थोडीच!

"थांबा! नियम अकरा! फेरी संपली की जुने घाव पुसले जातात. आता दोनच घाव धरायचे. ड्रॅगन जिवंत आहे!"

पंच धवलभाईंनी पुस्तक चाळलं. "साचुं छे, दादा!"

जिवंत झालेल्या ड्रॅगननं पुढच्याच फेरीत सानवीचा निकाल लावला.

"तुम्ही नक्की कोणाचे आजोबा?" फाटकापाशी सानवीला रडू फुटलं. "चुकलं गं बाळा," म्हणायला रमाकांत तोंड उघडणार, तोच धवलभाई धावत आले.

"दादा, अहमदाबादला आम्हाला एक पंच ओछा पडतोय. तुमच्यासारखा कुठे मिळणार? येणार ने?"

रमाकांतांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. सानवीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि हळूच त्यांचा हात धरला.

"आजोबा, पंचांना सोबत कोणाला नेता येतं का हो?"

रमाकांतांनी घसा खाकरला.

"बघू. आधी लेखी अर्ज कर."