मुलीच्या लग्नाचं स्टिअरिंग

व्हिदोयेनं मुलीला शब्द दिला होता. "यासना, तुला चर्चला मीच नेणार, आजोबांच्या गाडीतून!" गाडी व्हिदोयेच्याच वयाची, आणि तब्येतीनं त्याच्यापेक्षा बरी (असं त्याची बायको देसांका म्हणायची). फक्त स्टिअरिंगच्या चाकाला तीन भेगा गेल्या होत्या.

"माझ्या भावाची नवी गाडी आहे ना?" देसांका म्हणाली.

"तुझ्या भावाच्या गाडीतून? माझी मुलगी? मी मेल्यावर!"

झालं. आता प्रश्न इभ्रतीचा झाला.

लग्नाच्या दोन दिवस आधी व्हिदोयेनं कानस घेतली आणि भेगा इतक्या उत्साहानं रुंद केल्या, की आतली लोखंडी कांब दिसायला लागली. आता भेगांत लांबी (पुट्टी) भरायची, पण त्याआधी अ‍ॅसिटोननं तेलकटपणा काढायचा. अ‍ॅसिटोन आणायचंच राहिलं होतं.

"अ‍ॅसिटोन कशाला?" कुंपणापलीकडून शेजारी मिलुतिन म्हणाला. "घरची राकिया देतो. परवा सासूच्या गुडघ्याला चोळली, म्हातारी पळायला लागली!"

ज्या गावात राकियानं, म्हणजे घरी गाळलेल्या दारूनं, ताप उतरवतात, जखमा धुतात आणि काचाही पुसतात, तिथे चाक पुसायला कोण कचरणार? मिलुतिननं बाटली आणली, दोन घोट स्वतः घेतले, आणि व्हिदोयेनं सबंध चाकाला तीनदा अंघोळ घातली. स्वतः मात्र थेंबही चाखला नाही. लग्न लागेपर्यंत प्यायची नाही, अशी देसांकानं शपथ घातली होती. जन्मात एक शपथ पाळली माणसानं, आणि नेमकी हीच!

वरून लांबी भरली, रंग दिला. रंग काही केल्या वाळेना. शनिवारी सकाळीही तो ओलसरच होता, पण फुलं बांधून झाली होती. मागे यासना बसली, पुढे मिलुतिन बसला, आणि गाडी निघाली.

ऊन चढलं तसा रंग व्हिदोयेच्या तळहातांना लागायला लागला. मग लांबी सुटली. मग चाकाला गोड वास सुटला, आणि खिडकीतून पहिली गांधीलमाशी आत आली.

"मिलुतिन, तुझ्या राकियात काय होतं रे?"

"मध! यंदा बायकोनं मधाची केली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चाखलीच नाहीस. मला वाटलं, तुला गोड आवडत नाही!"

तोवर आणखी वीसेक माश्या आल्या होत्या. मिलुतिननं चालत्या गाडीतूनच उडी मारली आणि तो थेट मक्याच्या शेतात पळाला. व्हिदोयेच्या दोन्ही पापण्यांवर डंख बसले, आणि त्यानं अंदाजानंच ब्रेक दाबला.

"बाबा, उतर. मागे बस."

"अगं, पण मी शब्द दिलाय..."

"पाद्री अकराला उभा राहणार. उतर म्हणते ना!"

यासनाच्या हातांत कोपरापर्यंत मोजे, तोंडावर जाळीचा पदर. त्या गाडीत माश्यांसाठी तयार होऊन आलेली ती एकटीच होती. तिनं पुष्पगुच्छ बापाच्या मांडीवर टाकला आणि चाक हाती घेतलं. मागे व्हिदोये रडकुंडीला आला. एवढी एकच गोष्ट करायची होती आयुष्यात, आणि तीही जमली नाही!

चर्चसमोर गाडी थांबताच कर्णेवाल्यांनी जोरात सूर लावला. नवरदेव ओग्न्येन भरल्या डोळ्यांनी पुढे आला, रिवाजाप्रमाणे त्यानं मागचं दार उघडलं आणि अदबीनं हात पुढे केला. आतून पुष्पगुच्छ घेऊन सुजल्या तोंडाचा व्हिदोये तो हात धरून उतरला. ओग्न्येननं दचकून हात मागे ओढला, तर तो व्हिदोयेच्या चिकट तळहातातून सुटेना.

देसांका पायरीवरून ओरडली, "धरलाच आहेस हात, तर घेऊनच जा त्याला! परत आणू नकोस!"