संयुक्त समितीचे लाकडी पक्षी

"या वर्षी काही म्हणजे काही गडबड होणार नाही," असं संयोजकांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा ती मटार सोलत होती. तिने मानही वर केली नाही. असं ते दरवर्षी सांगत, आणि त्यानंतर पुढचे दोन महिने घरात त्यांच्याशी कुणी मोठ्याने बोलायचं नाही, असा रिवाजच पडून गेला होता.

संयोजक मूळचे कॉलेजातले ग्रंथपाल. तलावाच्या संयुक्त पक्षी समितीचं संयोजकपद त्यांच्या गळ्यात पडलं ते एकाच कारणाने. समितीतल्या तिन्ही संस्थांशी ज्याचं अजून वाजलेलं नाही, असा गावात हा एकच माणूस शिल्लक होता. पक्षीनिरीक्षक मंडळ, प्राणी बचाव पथक आणि मच्छीमार सोसायटी या त्या तीन संस्था. तिघांचाही पक्ष्यांवर जीव, पण आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. शेवटी संयोजकांनी तलावाचीच वाटणी करून दिली. उत्तरेचा काठ मंडळाचा, दक्षिणेचा पथकाचा, पाणी आणि होडी सोसायटीची. कुणी कुणाच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. तेव्हापासून सहकार्य अगदी सुरळीत चाललं होतं.

तलावाच्या मधोमध वाळूचं एक बेट आहे. उन्हाळ्यात तिथे सुरय उतरायचे. काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा मोठा देखणा पक्षी. उघड्या वाळूत अंडी घालतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. पण गेली दोन वर्षं एकही सुरय फिरकला नव्हता, आणि उद्यान खात्याच्या मॅडमनी समितीला बजावलं होतं की यंदाही पक्षी आले नाहीत तर बेटावर रंगीत कारंजं बसेल, गाण्यांसकट. वाळूत डुगडुगणारी सुरयांची पिल्लं पाहिली की संयोजकांचा दिवसभराचा शीण उतरायचा. कारंजं पाहून कुणाचा शीण उतरल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

तेव्हा त्यांनी एक तोडगा काढला. सुरय हा संगतीचा पक्षी, चार जण आधी बसलेले दिसले की पाचवा बिनघोर उतरतो, असं त्यांनी एका पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे आधीचे चार जण लाकडाचे असले तरी चालतील! त्यांचा मेहुणा सुतार. त्याने उरल्यासुरल्या लाकडातून बेटभर सुरय कोरले, रंगवले, आणि भरात येऊन एकाला मान वळवून पिसं साफ करायलासुद्धा लावलं.

आता समितीची परवानगी. बैठकीत लाकडी पक्ष्यांचा विषय सगळ्यात शेवटी ठेवला होता. पण तलावावरच्या पाटीवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, या दुसऱ्याच विषयावर मंडळी हमरीतुमरीवर आली आणि चहा अर्धा टाकून निघून गेली. समितीची जुनी पद्धत अशी की भांडणामुळे राहिलेले विषय सर्वानुमते मंजूर समजायचे. तसे ते समजले गेले. दुसऱ्या पहाटे संयोजकांनी सोसायटीकडून होडी मागून घेतली. कशाला, असं सोसायटीच्या अध्यक्षांनी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मेहुण्याने सळया ठोकून सगळे पक्षी वाळूत बसवले आणि दोघं घरी येऊन झोपले.

संयोजकांना जाग आली ती फोनने. पलीकडे मंडळाचे अध्यक्ष होते. हे गृहस्थ दाढी करतानाही गळ्यातली दुर्बीण काढत नाहीत म्हणून त्यांना सगळे दुर्बीणकाका म्हणतात. काका चक्क रडत होते. सुरय आलेत, बेट भरलंय, मी मरायला मोकळा झालो, असं ते म्हणत होते. खरं सांगायला संयोजकांनी तोंड उघडलं, पण रडणाऱ्या माणसाला "ते लाकूड आहे" असं सांगायचं कसं? दुपारी सांगू, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी बचाव पथकाच्या ताईंचा फोन आला. दक्षिण काठावरून त्या सकाळपासून पाहत होत्या. एकही पक्षी हललेला नाही, पाण्यावर आलेला नाही, ही साथ आहे, आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणं गेलेलं आहे. त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच सोसायटीचे अध्यक्ष दारात हजर. पाण्यात रोग असल्याची बोंब झालीय, सकाळचे मासे कुणी घ्यायला तयार नाही, आणि हा सगळा कट दक्षिण काठाचा आहे.

संयोजक चप्पल उलटसुलट घालून तलावावर धावले. पक्षी अंडी उबवतायत म्हणून स्थिर आहेत, असं उत्तरेकडून काका ओरडत होते. ते शेवटच्या घटका मोजतायत, असं दक्षिणेकडून ताई ओरडत होत्या. बेट वाटणीत कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं, म्हणून तिथे जाऊन बघायचं कुणाच्याच डोक्यात येत नव्हतं. संयोजकांनी सगळ्यांना मधल्या पायरीवर गोळा केलं आणि एकदाचं सांगून टाकलं.

"ते लाकडाचे आहेत."

काका शांतपणे म्हणाले, "तीस वर्षं पक्षी पाहतोय मी. आता तुम्ही मला शिकवा." साथ दडपायचा हा प्रकार असल्याचं ताईंनी जाहीर केलं. शेवटी मेहुणा होडी वल्हवत गेला आणि मान वळवलेला सुरय सळईसकट उपटून घेऊन आला. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, पोटावर टिचकी मारली. मग समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच तिन्ही संस्थांचं एकमत झालं. चूक संयोजकांची होती.

साथीची बातमी खात्यापर्यंत गेलीच होती. दुसऱ्या दिवशी मॅडम तपासणीला आल्या. संयोजक रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले होते, आता थापा मारायचं त्राणही उरलं नव्हतं. वल्ही मेहुण्याच्या हातात होती; होडीतच संयोजकांनी सगळं खरं सांगितलं, आणि कारंजं बसवायचं तर बसवा, फक्त मला या पदातून सोडवा, असंही वर म्हणाले.

मॅडम बेटावर उतरल्या. एकेक पक्षी न्याहाळत हिंडल्या. एकाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

"हे कुणी केलं?"

"मी," मेहुणा म्हणाला आणि भाऊजींच्या मागे सरकला.

"कारंजं रद्द," मॅडम म्हणाल्या. "कारंजी सगळीकडेच असतात. हे शिल्पांचं बेट असंच राहू दे. इथली वाळूसुद्धा कुणी हलवायची नाही."

संयोजकांना आपण ऐकतोय ते खरं वाटेना. त्यांचे डोळे भरून आले. आणि नेमकं तेव्हाच, बेटाच्या टोकाला बसलेल्या दोन सुरयांपैकी एकाने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या जागेवर मेहुण्याने काहीच ठोकलेलं नव्हतं. मॅडमनीही ते पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फक्त एक," त्या म्हणाल्या. "खरे पक्षी येऊन ही शिल्पं खराब करणार नाहीत, याची जबाबदारी समितीची."

काठावर वाट पाहत थांबलेल्या समितीने ती जबाबदारी तिथल्या तिथे, सर्वानुमते आणि पाटीचा विषय न काढता, संयोजकांवर टाकली. पक्ष्यांना हुसकावणं संयोजकांच्या जिवावर आलं असतं, म्हणून त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर ते बेटावर जातात आणि मुकाट्याने लाकडी सुरय धुऊन पुसून येतात. खऱ्यांची संख्या आता चांगलीच वाढली आहे, वाळूत पिल्लंही डुगडुगतायत. पण त्यांच्याकडे डोळे भरून पाहण्याची सोय नाही, कारण संयोजक उतरले रे उतरले की सगळे खरे सुरय कलकलाट करत त्यांच्या टकलावर झडप घालतात. परवा बायकोने विचारलं, "अहो, बरे आहेत ना तुमचे पक्षी?" मजेत आहेत, असं संयोजक म्हणाले. दोन्ही काठांवर, पाण्यावर, कुणाकडूनही त्यांना काही त्रास नाही. सगळ्या तलावावर त्यांचा शत्रू एकच, तो बादली घेऊन येतो.