रविवारी मोटर बंद असते

मखमलाबादच्या मळ्यात विधात्यांच्या घरी माणसं चार, मोबाइल पाच आणि सिमकार्डं सात होती. पाचांपैकी एका मोबाइलची काच पार फुटली होती. तो फक्त रात्री गोठ्यात जाताना बॅटरी म्हणून वापरला जाई, पण सिम त्यातही होतं. घरच्या मुलाच्या, समाधानच्या, मोबाइलमध्ये दोन होती. अशी सहा झाली. सातवं घरात नव्हतंच. ते विहिरीवर, मोटरीच्या स्टार्टरशेजारी बसवलेल्या एका पांढऱ्या डबीत होतं.

घरबसल्या मोटर चालू-बंद करायची ही डबी. तिच्या नंबरावर फोन लावला की ती तो आपोआप उचले. मोटर बंद असेल तर चालू करी, चालू असेल तर बंद करी आणि आपण काय केलं ते एका बाईच्या रेकॉर्ड केलेल्या, अत्यंत सभ्य आवाजात सांगे. ठरावीक नंबरांचेच फोन घ्यावेत अशीही सोय तिच्यात होती. पण विहीर दोन घरांत सामाईक. दोन्ही घरची माणसं फोन लावणार, शिवाय कामाला असलेला बुधा लावणार, आणि बुधा तर दर चार महिन्यांनी नंबर बदलणार. म्हणून ती सोय बंद ठेवली होती. फोन कोणीही करावा, मोटर सगळ्यांचं ऐकत असे.

डबीतलं सिम घरच्या मुलीचं, योगिनीचं होतं. कॉलेजात असताना तिने तोच नंबर वापरला. सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर तिला कंपनीचं सिम मिळालं आणि जुनं मोकळं झालं. घरात काही वाया जात नसे. जुन्या साड्यांच्या गोधड्या झाल्या, योगिनीच्या नंबराची मोटर झाली.

योगिनी फिजिक्सची पदवीधर. कारखान्यात ती बोल्टचा कठीणपणा मोजायची. तिथे तिला आकडे विचारत, मत कोणी विचारत नसे. घरी दोन्ही विचारत नसत. त्यामुळे राखीचा निरोप मेलवर आला तेव्हा तिने तो तीनदा वाचला. राखी ही यूट्यूबवर नाशिकच्या बातम्यांचं छोटंसं चॅनेल चालवणारी मुलगी. दर रविवारी अकराला तिचा 'आठवडा सरला' नावाचा कार्यक्रम असे. एक साधा माणूस फोनवरून दहा मिनिटं आठवड्याच्या बातम्यांवर मनातलं बोलणार, एवढंच त्याचं स्वरूप. आधी बोलणारे निवृत्त पोस्टमास्तर मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेले आणि जागा रिकामी झाली. राखीने योगिनीला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ऐकलं होतं. "या रविवारी बोलून बघ. जमलं तर दर रविवार तुझा," असं तिने लिहिलं होतं.

नोकरी मिळावी असं योगिनीला वाटलं होतं, त्याहून हे मिळावं असं जास्त वाटत होतं.

तिने तयारी पद्धतशीर केली. आठवड्यात बिबट्याचे चार व्हिडिओ चार वेगवेगळ्या कॉलन्यांच्या नावाने फिरले होते. तिने ते एकेक फ्रेम थांबवून पाहिले. चारही कॉलन्यांत, कुंपणावर, तोच निळा पंचा त्याच चुणीने वाळत होता. सिंहस्थासाठी काँक्रीटचा केलेला रस्ता पाइपासाठी पुन्हा खणला होता, त्यावर तिचं म्हणणं होतं. मेथीचा भाव एकाच आठवड्यात चढून उतरला होता, त्यावरही होतं. रोज संध्याकाळी बांधावर येरझाऱ्या घालत ती हे सगळं मोठ्याने म्हणे. एकदा नऊ मिनिटं झाली, एकदा साडेदहा. शनिवारी बरोबर दहा झाली.

रविवारी वडील, दीपक विधाते, बुधाच्या मुलीच्या लग्नाला सुरगाण्याला गेले होते. जाताना त्यांनी समाधानला एकच सांगितलं, "विहिरीकडे फिरकू नको." त्याला कारण होतं. दीपकचे चुलतभाऊ बहिरूकाका आणि ते, दोघे या विहिरीच्या पाण्यावरून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी पाळ्या ठरल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार दीपककडे. मंगळवार, गुरुवार, शनिवार काकांकडे. रविवारी विहिरीला सुट्टी, पाणी भरू द्यायचं. तेव्हापासून रविवारी मोटरीला कोणी हात लावला नव्हता.

अकराला पाच कमी असताना योगिनी आतल्या खोलीत दार लावून बसली. समोर पाण्याचा तांब्या, हातात मोबाइल. अकरा वाजले. अकरा वाजून दोन मिनिटं झाली. मोबाइल गप्प होता.

बाहेरून आईने, प्रतिभाताईंनी, हाक मारली. "योगिनी, तू बोलतीयेस का?"

"नाही आई. वाट बघतेय."

"मग इथं ही कोण बोलतीये?"

योगिनी बाहेर आली. आईने मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. स्क्रीनवर राखी होती, शेजारी योगिनीचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो आणि खाली नाव. राखी हसून विचारत होती, "तर योगिनी, या आठवड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती?"

"नमस्कार," फोटो म्हणाला. "मोटर चालू झाली आहे."

"आणि दुसरी?" राखीने विचारलं.

"व्होल्टेज चारशे पाच. धन्यवाद." फोन कट झाला.

"आवाज सुधारला गं तुझा," आई म्हणाली.

काय झालं ते योगिनीच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. तिने राखीला नवा नंबर कळवला होता. पण राखीच्या फोनमध्ये 'योगिनी विधाते' हे नाव वादविवाद स्पर्धेपासून होतं. बोट सवयीने त्याच नावावर पडलं होतं.

हे इथेच मिटलं असतं. पण राखीच्या चॅनेलवर एरवी दातांचे डॉक्टर आणि प्लॉट विकणारे लोक पाहुणे म्हणून येत, आणि त्यांचा नंबर खालच्या पट्टीत टाकायची तिथे रीत होती. पट्टी सवयीने टाकली गेली, तीही त्याच जुन्या नंबराची. "ताईंचा फोन कट झालाय," राखी म्हणाली. "आम्ही लावतोच आहोत, तुम्हीही लावून बघा. नंबर खाली आहे."

कार्यक्रम तेव्हा तीनशे ऐंशी लोक बघत होते.

"मी बंद करते," म्हणून आईने मोटरीला फोन लावला. दुसऱ्या प्रयत्नाला लागला. "मोटर बंद झाली आहे," बाईने सांगितलं. आई निवांतपणे पदराला हात पुसत असतानाच समाधान ओट्यावरून आत आला. "मी केली बंद," तो म्हणाला. "आता काळजी नको."

"कधी केलीस?"

"आत्ताच."

"माझ्यानंतर?"

"ते काय माहीत. ती काहीतरी म्हणाली, मी ऐकलं नाही."

योगिनीने डोळे मिटले. "एकूण फोन सम झाले तर मोटर बंद राहील, विषम झाले तर चालू," ती म्हणाली.

"मग किती झाले?" आईने विचारलं.

तीनशे ऐंशी लोकांपैकी किती जणांनी किती वेळा लावला असेल, याचा अंदाज भौतिकशास्त्रात बसत नव्हता. तिने राखीला मेसेज पाठवला, 'तो नंबर मोटरीचा आहे. माझा नवा नंबर हा. प्लीज यावर लाव.' आणि मोबाइल हातात घेऊन ती विहिरीकडे निघाली. डबी काही ऐकणार नसेल तर मेन स्विच पाडायचा, एवढाच मार्ग उरला होता.

विहिरीच्या पाइपाला एका जोडावर बारीक गळती होती. मोटर चालू झाली की तिथून पुरुषभर उंच कारंजं उडे. योगिनी बांधावरून धावत असताना ते दोनदा उडालं आणि दोनदा बसलं. तिला ते दिसलं तसं बहिरूकाकांनाही त्यांच्या ओट्यावरून दिसलं. ती पोचली तेव्हा काका आधीच विहिरीच्या कठड्याशी, बनियनवर, कमरेवर हात ठेवून उभे होते.

"आज वार कोणता हाय?" काकांनी विचारलं.

"रविवार, काका."

"बाप लग्नाला गेला तवर तुम्ही विहीर उपसायला काढली."

"आम्ही नाही करत. लोक करताहेत."

"कोण लोक?"

"बघणारे."

काकांनी चारी दिशांना पाहिलं. बघणारं कोणी नव्हतं. लांब त्यांची म्हैस होती.

"लय शिकलीस तू," काका म्हणाले. "आमच्या वक्ताला मोटर चालू करायला मानूस लागत होता."

स्टार्टरच्या पेटीचं झाकण दीपकनी तारेने आवळून बांधलं होतं. तार सोडवायला दोन्ही हात लागत होते. योगिनीने मोबाइल काकांच्या हातात दिला. "धरा जरा." आणि ती तारेला लागली. आत डबीतली बाई अखंड बोलत होती. मोटर चालू झाली आहे. मोटर बंद झाली आहे. मोटर चालू झाली आहे.

"ही बाई अशी का करायलीय?" काका म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. वाजणारा फोन उचलायचा असतो, एवढं काकांना पक्कं होतं.

"हॅलो. कोन पाहिजे?"

"नमस्कार, योगिनी आहे का?"

"हाय की. पेटीत हात घालून बसलीय."

"काका, फोन द्या," योगिनी म्हणाली. तारेचा एक पीळ सुटला होता, दोन राहिले होते.

"आपण कोण बोलताय?" राखीने विचारलं. "आपण लाईव्ह आहोत, काका."

"मी बहिरू विधाते. मखमलाबाद."

"मग बहिरूकाका, तुम्हीच सांगा. या आठवड्यातली महत्त्वाची गोष्ट कोणती?"

काकांना असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला आणि घसा साफ केला.

"महत्त्वाची गोष्ट म्हंजे रविवारी मोटर चालू हाय. हे बरोबर नाय. मानसानं शब्द दिला तर पाळावा. भावाभावात ठरलेलं असतं, चार मानसं बसून ठरवतेत, आन पोरं एका सकाळी पाण्यात घालतेत. पाणी काय कोनाच्या बापाचं हाय? आज यांनी सगळं आपल्या वावरात ओढलं, उद्या मी काय काकडीला थुंकी लावू?"

"काका," योगिनी हळू आवाजात म्हणाली. "पाणी तुमच्याकडे चाललंय."

"आँ?"

"काल शनिवार होता. व्हॉल्व्ह तुमच्याकडे वळवलेला आहे."

काकांनी मान वळवली. बांधापलीकडे त्यांच्या काकडीच्या सऱ्या एका टोकापासून चमकत येत होत्या.

काकांनी मोबाइल पुन्हा पहिल्या कानाला लावला. मग म्हणाले, "बरं. दुसरा प्रश्न इचारा, मॅडम."

"बिबट्याबद्दल काय वाटतं?"

"बिबट्या एकच हाय. चार नाय. चारी पिच्चरमंदी पंचा तोच वाळतोय, निळा. आता एवढ्या नाशकात निळा पंचा एकच असन का?"

योगिनीचे हात थांबले. आठवडाभर ती बांधाच्या या बाजूला बोलत होती. काका त्या बाजूला काकडी खुडत होते.

"आन खरा बिबट्या आमच्याकडं दिवाळीत येऊन गेला," काका पुढे म्हणाले. "कोंबडी नेली. त्याची बातमी नाय झाली, कारन माझ्या फोनला क्यामेरा नाय. बिबट्याचं नशीब."

राखी हसत होती. ते फोनमधून बाहेर ऐकू येत होतं. "आणि रस्त्याचं?"

"रस्ता केला, खनला, परत केला, परत खनला. आता त्याला मशागत म्हनायचं. पेरा कवा करता एवढं सांगा, म्हंजे आम्ही बी घेऊन येतो."

शेवटचा पीळ सुटला. योगिनीने झाकण उघडून स्विच खाली ओढला. कारंजं बसलं, बाई वाक्याच्या मध्यात गप्प झाली. काकांनी सऱ्यांकडे पाहिलं. पाणी अर्ध्यावर आलं होतं. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी तिला डाव्या हाताचं बोट वर करून दाखवलं. स्विच पुन्हा वर कर.

"रविवार आहे, काका," योगिनी म्हणाली.

काकांनी खांद्याने फोन धरला आणि दोन्ही हातांनी, पाणी जिथवर आलं होतं तिथपासून सरीच्या टोकापर्यंत, एवढंच तर राहिलंय, असं दाखवलं.

"शब्द दिलाय बाबांनी. फोन द्या माझा."

काकांनी पाठ केली आणि मोकळ्या कानावर हात ठेवला. "मेथीचं सांगतो," ते फोनमध्ये म्हणाले. "मेथीचं असं हाय..."

योगिनी कठड्यावर बसून ऐकत राहिली. मेथीचं ती जे म्हणणार होती, तेच ते म्हणाले. फक्त तिने दोन मिनिटं घेतली असती, त्यांनी एका वाक्यात आटपलं आणि त्यात एका व्यापाऱ्याच्या टकलाचा उल्लेख होता. तिने मनात त्या वाक्याला गुण दिले.

कार्यक्रम संपल्यावर काकांनी मोबाइल बनियनला पुसून परत दिला. "चांगली पोरगी हाय," ते म्हणाले. "ऐकून घेते." जाताना ते काकडीकडून गेले.

दुपारी राखीचा फोन आला, या वेळी तो योगिनीनेच उचलला. आधी तिने तीन वेळा सॉरी म्हटलं. मग म्हणाली, "काका दर रविवारी येतील का?"

"आणि मी?" योगिनीने विचारलं.

"तू तर पाहिजेसच. तुझ्याशिवाय कसं होणार? ओळख तू करून द्यायची."

योगिनी काकांकडे विचारायला गेली. काका म्हणाले की त्यांना वेळ नाय, आन त्यांना काय बोलता येतं, आन किती वाजता म्हनाली ती.

पुढच्या रविवारी विहिरीच्या कठड्यावर दोघं बसली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मोटरीचा मेन स्विच आधीच पाडून ठेवला होता. कार्यक्रम बरोबर दहा मिनिटं चालला. बहिरूकाका नऊ मिनिटं चाळीस सेकंद बोलले. त्याआधी योगिनीने त्यांची ओळख करून दिली. ती वीस सेकंदांची झाली.