वेणूबाईंचे दोन स्टार

मुरुडच्या आमच्या वाचक मंडळाची बैठक महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भरते. मंडळाचे सर्व सभासद लॉज, घरगुती खोल्या नाहीतर खानावळ चालवणारे आहेत, आणि मंगळवारी पर्यटक नसतात, म्हणून वाङ्मयाला तोच वार मोकळा सापडतो. प्रत्येकाने नुकत्याच वाचलेल्या कादंबरीवर मत मांडायचं, मग चहा. मी मंडळाचा चिटणीस. माझ्याही चार खोल्या आहेत. समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो.

मतं अभ्यासपूर्ण असतात. मागच्या पावसाळ्यात अल्पेशने एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीबद्दल सांगितलं, "प्रशस्त हाय. हवेशीर हाय. फॅमिलीला एकदम सेफ." मृणालीवहिनींना एक प्रेमकथा स्वच्छ, नीटनेटकी आणि रस्त्यापासून जवळ वाटली. प्रत्येक कादंबरीला पाच स्टार मिळतात. फोनवर आम्ही एकमेकांच्या लॉजना पाच स्टार देतोच, तीच पद्धत इथे चालू ठेवली. मी अल्पेशच्या लॉजवर कधी राहिलेलो नाही, तोही माझ्याकडे राहिलेला नाही. पण शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही?

अशा सुरळीत चाललेल्या मंडळात चुकून एक वाचक शिरली.

वेणूबाई कोळीवाड्याच्या तोंडाशी खानावळ चालवतात. नवरा गेल्यापासून घर त्या चुलीवर चालतं आणि मुलगी प्रणाली अलिबागला नर्सिंग शिकते तीही त्याच चुलीच्या जिवावर. दुपारची भांडी झाली की पडवीत पाय पसरून कादंबरी वाचायची, ही बाईंची जुनी खोड. आम्ही त्यांना धंद्यातली बाई म्हणून सभासद करून घेतलं. त्या खरंच वाचत असतील अशी शंका कोणाला आली नाही.

त्यातच मंडळाचे अध्यक्ष दत्तूशेठ यांची 'लाटांनो, ऐका!' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शेठनी ती सकाळी किनाऱ्यावर फेऱ्या मारताना फोनमध्ये बोलून लिहिली होती. मंडळाने तिला छापून येण्याआधीच पाच स्टार दिले होते. बैठक हा केवळ उपचार होता. सगळ्यांनी कादंबरीचं कौतुक केल्यावर वेणूबाई उभ्या राहिल्या.

"शेठ, तुमची ती राधिका मधीच बुडून मरते ना?"

"मरते," शेठ हळहळले.

"मंग शेवटाला मुंडावळ्या बांधून कोन बसलीय?"

शेठनी अल्पेशकडे पाहिलं. "ती आठवण हाय," अल्पेश म्हणाला.

"आठवण दोन येळा श्रीखंड मागून घेते व्हय?"

अल्पेश चहाचं बघायला उठला. पण चहा लवकर आला नाही.

"दोन स्टार," बाई म्हणाल्या. "एक समुद्राचा, एक त्यातल्या बोकडाचा. बोकड खरा वाटतो."

मंडळाने हे खिलाडूपणे घेतलं. मतस्वातंत्र्य हा मंडळाचा पाया आहे, असा तिथल्या तिथे ठराव झाला. ते स्वातंत्र्य सर्वांनाच असल्यामुळे त्याच संध्याकाळी सभासदांनी वेणूबाईंच्या खानावळीबद्दलची मतं फोनवर नोंदवली. एकेक स्टार. पुस्तकांबद्दल वापरायची राहून गेलेली भाषा इथे कामी आली. 'पापलेटात संघर्षाचा अभाव.' 'सोलकढी उत्तरार्धात रेंगाळते.' 'वडे सुरुवातीला फुगतात, पुढे पकड सुटते.' शेठनी मोजकंच लिहिलं: 'कोळंबीला जीवनदृष्टी नाही.'

नाताळच्या सुट्टीत मुरुडमध्ये गाडी उभी करायला जागा नव्हती. वेणूबाईंच्या पडवीत मात्र एकटं मांजर. पर्यटक दारापर्यंत यायचे, "वास काय सुटलाय!" म्हणायचे, मग फोन बघायचे आणि गुपचूप दत्तूशेठच्या डायनिंग हॉलकडे वळायचे. सकाळी घेतलेली सुरमई बाईंनी संध्याकाळी शेजारीपाजारी वाटून टाकली. प्रणालीला शिक्षण सोडून घरी बोलवायची बोलणी सुरू झाली. तेव्हा बाई माझ्याकडे आल्या.

"भाऊ, माझ्याकडं जेवलात का कधी?"

"नाही."

"मंग वड्यांची पकड सुटते, ह्ये कसं कळलं?"

"वेणूबाई, न जेवता दिलेलं मत निःपक्षपाती असतं. जेवला की माणूस विरघळतो."

"आनि शेठची कादंबरी?"

"तीही वाचलेली नाही. मंडळाचं धोरण दोन्हीकडे सारखं आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी घाईघाईने नियम सांगितला: वादग्रस्त मत तपासायला समिती नेमता येते, पण समितीला कादंबरी वाचावी लागते.

समिती नेमली. अल्पेशचा सीझन चालू होता. मृणालीवहिनींचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. शेठ म्हणाले, लेखकाने स्वतःचं वाचणं हा उघड पक्षपात. राहता राहिला वाचायची सवय असलेला एकच सभासद, तेव्हा वेणूबाईंच्या मताची चौकशी वेणूबाईंकडेच सोपवण्यात आली. त्यांनी कादंबरी पुन्हा वाचली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की पहिल्या खेपेला चूक झाली होती. राधिका एकदा नव्हे, दोनदा मरते. त्यानंतर सभासदांचे मेहुणे आणि भाचेही खानावळीवर मतं नोंदवू लागले.

फेब्रुवारीच्या बैठकीत वेणूबाई पुन्हा उभ्या राहिल्या. नजर जमिनीकडे.

"कादंबरी झकास हाय. हवेशीर हाय. समोरच समुद्र. फॅमिलीला सेफ. पाच स्टार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठचे डोळे पाणावले. बाई घरी पोचायच्या आत सभासदांनी जुनी मतं पुसून 'जेवण अप्रतिम' असं लिहून टाकलं होतं. प्रणालीचं शिक्षण चालू राहिलं, हे मी मंडळाच्या सामाजिक कार्यात दाखवलं आहे.

वर्धापनदिनी 'आदर्श वाचक' म्हणून वेणूबाईंना शाल दिली. शाल पांघरताना मी सहज विचारलं, "सध्या काय वाचताय?"

"काय न्हाय, भाऊ. वाचलं की बोलावंसं वाटतं. आनि पोर शिकतेय माझी."

हल्ली दुपारी त्या पडवीवरून जाताना दिसतं, भांडी झाल्यावर बाई रिकाम्या हातांनी रस्त्याकडे बघत बसलेल्या असतात. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. बैठकीत मी ते बोललेलो नाही.

वाचकहो, आपण आता मंडळाला नावं ठेवायला मोकळे आहात. पण आम्ही सभासद असून असून किती? त्या नाताळात बाईंच्या दारात थांबलेली, वास घेतलेली आणि फोन बघून मागे फिरलेली माणसं आमच्या कितीतरी पट होती, आणि त्यांतलं एकही मुरुडचं नव्हतं. त्यांत आपणही होतात, आणि शेठच्या हॉलमधला तो गारढोण रस्सा जेवून निघताना आपणही पाच स्टार दिलेत. त्याखाली 'धन्यवाद, पुन्हा या' असं जे उत्तर आहे, ते शेठच्या वतीने मीच लिहिलेलं आहे.