त्र्यंबकपंतांच्या कूटपेटीची बखर

श्रीशारदेस नमन. जी विद्या देते तीच आठवणही देते. तिने दोन्ही एकदम काढून घेऊ नयेत, इतुकी विनंती प्रथम करून हकीकत लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु या हकिकतीत क्रोध करावा ऐसा कोणी नाही. दुःख मात्र आहे, ते ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावे.

विद्येचे एक राज्य होते. नाव लिहीत नाही, अब्रू सर्वांस आहे. राज्यात महाल अनेक, त्यांत संगणकाचा महाल नांदता, आणि पदवी हाती पडूनही ज्यांची हौस फिटली नाही ऐशा शिष्यांकरिता त्या महालात यंत्ररक्षणाची एक शाळा होती. तेथे शिकविणे ते ऐसे की, चोर कोणत्या वाटेने येतो, दाराशी आलेला तोच हे कैसे ओळखावे, आपलाच पहारेकरी फितूर झाला तर काय करावे, आणि मजकूर कुलपात कैसा घालावा की कुलूप साऱ्या जगाने पाहावे परंतु उघडू नये. या शाळेचे आचार्य त्र्यंबकपंत केळुसकर. पंत अंगाने काटकुळे, आवाजाने खणखणीत आणि स्वभावाने संशयी. दारी नवा दूधवाला आला तर त्यासही "तू तोच कशावरून?" ऐसे पुसत, आणि दूध नासेपर्यंत त्याची जबानी घेत. परंतु शिकवावे तर त्यांनीच. इतर आचार्य परदेशी ग्रंथ भिंतीवर प्रकाशाने उमटवून तोच वाचून दाखवीत आणि घरी जात. पंत मायबोलीत बोलत, दाराच्या कडीकोयंड्याचे आणि आठवडी बाजारातल्या खिसेकापूंचे दाखले देत, आणि मिरजेकडून आलेला फैयाज मुजावर, जो इतर तासांस मान खाली घालून बसे, तो पंतांपुढे मान वर करून वाद घालू लागला. मग पंतांनी आपली सर्व व्याख्याने उतरवून काढिली, आणि वर्षानुवर्षे खपून एक ग्रंथ सिद्ध केला. या विद्येचा मायबोलीतला ऐसा ग्रंथ त्या राज्यात दुसरा नव्हता.

आता शाळेचा रिवाज लिहितो, कारण घात त्यातच आहे. दर वर्षी शिष्यांचे प्रात्यक्षिक होत असे. पंत संगणकात एक कूटपेटी करीत, तिची किल्ली ऐशा हिकमतीने पाच वाट्यांत वाटीत की, कोणतेही तीन वाटे एकत्र आले तर पेटी उघडावी, आणि दोनच असतील तर अक्षरही कळू नये. प्रत्येक वाटा म्हणजे साध्या घरगुती शब्दांची एक लांब माळ. आणि पंतांचा कायदा असा की, किल्लीने एकाच ठिकाणी राहावे; कागदावर असेल तर डोक्यात नको, आणि डोक्यात असेल तर कागदावर नको. त्या साली शिष्य चौघेच होते. फैयाज, सोलापूरची कृतिका वाघमोडे, शार्दूल पेंढारकर नामे एक हुशार परंतु वेंधळा गृहस्थ, आणि हेमांगी ढमढेरे. चौघांस कागदावर चार वाटे दिले, आणि पाचवा पंतांनी आपल्या डोक्यात ठेविला, कारण स्मरणाचा त्यांस मोठा अभिमान. आणि पेटीत काय घालावे, तर इतर आचार्य काहीबाही घालते, पंत म्हणाले, "खोट्या खजिन्याला पहारेकरीही खोटेच मिळतात." ऐसे बोलून आपला ग्रंथ, एकुलता एक, पेटीत घातला, आणि बाहेरच्या सर्व प्रती स्वहस्ते पुसून टाकिल्या. शहाण्या माणसाचे वेड असे असते. वेड्यास ते सुचतही नाही.

प्रात्यक्षिक उत्तम पार पडले. तिघांनी वाटे जुळविले, पेटी उघडली, ग्रंथ जागेवर पाहिला आणि पेटी पुन्हा मिटली. लेखी परीक्षेत प्रश्न आला, की दोन वाटे हाती असता तिसऱ्याविना काहीही कळत नाही हे सिद्ध करा. आणि ती सिद्धता हेमांगीबाईंनी ऐसी लिहिली की पंतांनी कागदावर लाल शाईचा ठिपकाही पडू दिला नाही. शेवटच्या तासास पंतांची आज्ञा जाहली, "काम झालं. आता आपापले वाटे जाळा. पुढच्या वर्गाला मी नवे करीन." चौघांनी माना डोलाविल्या. हेमांगीबाई त्याच सांजेस वसतिगृहाच्या गच्चीवर गेल्या, कागदास काडी लाविली, राख कुंडीतल्या मातीत कालविली, आणि एक काम नेटके जाहले ऐसे वाटून खाली येऊन जेवल्या.

पुढचा वर्ग काही आला नाही. दरबारी मसलत जाहली की, शिष्य चौघे आणि आचार्य एक, हा खर्च कशास? बुद्धियंत्राचे नवे शास्त्र आले आहे, त्यास शिष्य दारात मावत नाहीत, तर ही शाळा मोडावी. शाळा मोडली. पंत घरी गेले. शिष्यांनी विनविले, "सर, ग्रंथ तरी बाहेर काढून ठेवा." पंत म्हणाले, "राहू दे तिथेच. ज्या दिवशी हे राज्य बोलवील, त्या दिवशी तिघांना हाक मारीन." रुसवाच तो. आणि राज्य तर बोलावीना. शार्दूल समुद्रापलीकडे चाकरीस गेला, बाकीचे पांगले, आणि पेटी महालातल्या एका जुन्या यंत्रात धूळ खात पडली.

मग कैक वर्षांनी चोर आले. रात्र नाही, दरोडा नाही. राज्याच्या निकालांची सर्व यंत्रे त्यांनी दुरूनच कुलूपबंद केली, आणि परीक्षा दिलेली पोरे निकालावाचून ताटकळली. तेव्हा दरबारास घाम फुटला आणि यंत्ररक्षणाची आठवण जाहली. शाळा पुन्हा मांडावी ऐसा हुकूम निघाला, आणि आचार्यपदी हेमांगीबाईंची नेमणूक जाहली. त्यांनी प्रथम पंतांच्या घरी वर्दी दिली, तो पंतांच्या पत्नी सुलभाकाकू फोनवर म्हणाल्या, "ये गं, पण लवकर ये. ह्यांना विसरण्याचा आजार झालाय. आज जे आहे ते उद्या असेल असं नाही." हे ऐकून हेमांगीबाईंनी पेटी तत्काळ उघडावयाचे मनात घेतले. शिष्यांस ग्रंथ हवा होता हे तर होतेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट ऐशी की, पंतांस आपला ग्रंथ आपला म्हणून ओळखता येतो तोवर तो त्यांच्या हाती द्यावा, दोन पाने त्यांस वाचून दाखवावी, आणि राज्याने बोलाविले हे त्यांच्या कानी घालावे. एवढेच त्यांस हवे होते.

मग बाईंनी वाट्यांची चौकशी मांडिली. फैयाजने आपला वाटा जाळिला नव्हता. परीक्षेच्या प्रवेशपत्रामागे लिहून, ते शुभ म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेविले होते. "जाळायचा होता गं," तो म्हणाला, "पण राहिलंच बघ." कृतिकेने तर तो आपल्यालाच ईमेल करून वर 'सरांचं गुपित' ऐसे नाव दिले होते, तिच्या त्या कृत्यावर एरवी पंतांनी तास मोडला असता, आज बाईंनी देवास हात जोडिले. शार्दूल समुद्रापलीकडून ओशाळून म्हणाला, "अगं, तो लॅपटॉप मी मामेभावाला दिला. त्यानं सगळं पुसून खेळ भरले." याप्रमाणे दोन वाटे आले, एक गेला. तिसरा पाहिजे. तो फैयाजने सहज पुसिले, "आणि तुझा गं? तुझा तर असणारच, तू वर्गात पहिली."  हेमांगीबाई म्हणाल्या, "सरांचा आहे ना, त्यांच्या डोक्यात."

पंतांचे घर तळमजल्यावर. पंत आरामखुर्चीत बसून पायजम्याची नाडी बोटाला गुंडाळीत आणि सोडीत होते. बाईंनी वाट्याचे पुसताच काकू म्हणाल्या, "ती माळ ना? रोज दाढी करताना म्हणायचे. मला वाटायचं कुठलंसं स्तोत्रच आहे." आणि काकूंनी आपल्या आवाजात ती म्हणून दाखविली. उंबरठा, कावळा, ताक, चिमटा, पडवळ, जानवसा, करवंटी. एवढे म्हणून काकू थांबल्या. हेमांगीबाई म्हणाल्या, "काकू, पुढे?" काकू म्हणाल्या, "पुढे चुळा भरायचे गं ते. तोंडात पाणी. इतकी वर्षं ऐकलं, पण पुढचं नुसतं गुळगुळ गुळगुळ." हे ऐकून हसू येईल ऐसी गोष्ट, आणि बाईंस हसू आलेही, आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. अर्ध्याहून अधिक माळ बाकी होती. पृथ्वीवरची सर्व यंत्रे जुंपिली तरी ती अंदाजाने सापडती ना. हे बाईंस ठाऊक, कारण हे त्यांनीच एकदा सिद्ध करून दाखविले होते. आपली सिद्धता अशी आपल्याच वाटेत येऊन उभी राहील हे तेव्हा कोणास ठावे.

मग बाई खुर्चीपाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सर, मी हेमांगी." पंतांनी मान वर केली, निरखून पाहिले, आणि जुन्या खणखणीत आवाजात पुसिले, "तू तीच कशावरून?" काकूंनी पदर तोंडाशी लाविला. परंतु बाईंनी धीर सोडिला नाही. नाव सांगून उपयोग नाही, गाव सांगून नाही, हे जाणून त्यांनी ती सिद्धताच म्हणावयास घेतली. दोन वाटे हाती आहेत ऐसे धरा, तिसरा नाही ऐसे धरा, येथपासून पायरी पायरीने त्या बोलत गेल्या. पंतांची बोटे नाडी सोडून हवेत अक्षरे काढू लागली, आणि एके ठिकाणी बाई चुकल्या तो पंत चटकन म्हणाले, "थांब. ते गृहीत धरलंस. आधी दाखव." बाईंनी दाखविले. पंतांचा चेहरा उजळला. "माझी आहेस," ते म्हणाले. नाव त्यांस शेवटपर्यंत आठवले नाही.

"सर, तुमचा वाटा सांगा ना," बाई म्हणाल्या. पंत म्हणू लागले, उंबरठा, कावळा, ताक; आणि करवंटीपाशी येऊन थांबले, पुन्हा प्रथमपासून म्हणाले, पुन्हा तेथेच थांबले. अंधारात जिन्याची शेवटची पायरी चाचपावी तैसे ते त्या शब्दापुढे चाचपडले. मग दमून म्हणाले, "मला कशाला विचारता? पोरांकडे आहेत ना वाटे." तेव्हा काकू हळूच हेमांगीबाईंस म्हणाल्या, "ह्यांना त्याची कधी काळजीच नव्हती बघ. म्हणायचे, जाळा म्हटल्यानं कोणी जाळतं का! माणूस आळशी आहे, चौघांतले चौघंही जपून ठेवतील, बघशील तू." हे शब्द बाईंच्या काळजात घुसले. चौघांपैकी आळस न केलेली एकच, आणि तिनेच घर बुडविले. मग त्यांनी पंतांचे दोन्ही हात धरिले आणि म्हणाल्या, "सर, मी जाळला. तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी जाळला. पाठही केला नव्हता, तुम्ही नको म्हणाला होता म्हणून." आणि ढसाढसा रडू लागल्या.

 पंत खुर्चीत ताठ बसले. "खरंच जाळलास?" "हो सर." "राख?" "मातीत मिसळली." पंतांनी मोठ्याने हाक मारिली, "सुलभा! अगं ऐकलंस का? एकीनं जाळला! इतकी वर्षं शिकवलं, एकीनं तरी जाळला!" आणि बाईंच्या मस्तकी हात ठेवून म्हणाले, "पूर्ण गुण." मग थोड्या वेळाने विचारात पडून त्यांनी पुसिले, "पेटीत काय होतं गं?" बाई म्हणाल्या, "तुमचा ग्रंथ होता, सर." पंत म्हणाले, "कोणाला उघडता आली नाही ना?" "नाही सर." "मग झालं तर," ऐसे म्हणून पंत समाधानाने हसले, आणि पुन्हा नाडीकडे वळले.

तात्पर्य, पेटी आजही त्या महालात आहे आणि बंद आहे. पंत त्या भेटीनंतरच्या वर्षी वैशाखात वारले. तोवर करवंटीही गेली होती. हेमांगीबाई शाळा चालवितात, मायबोलीत शिकवितात, जे आठवते ते उतरवून काढितात, आणि करवंटीपाशी पंत अडत तैसे कित्येक वाक्यांपाशी अडतात. शेवटच्या तासास वाटे जाळा ऐसे सांगावयाची वेळ येते तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून किंचित थांबतात. आणि मग सांगतात. लिहिणाराने ऐकिले तैसे लिहिले. वाचणाराने पंतांस आणि बाईंस, दोघांसही बोल लावू नये.