कॉम्प्युटरवर अक्षता

आमच्या शेजारच्या आण्णा मगदुमांच्या कीबोर्डमध्ये कायम तांदूळ सापडतात. दोष उंदरांचा नाही. जुन्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरला जोडून डिस्कवर उतरवताना मंगलाष्टका सुरू झाल्या, की आण्णा खुर्चीतून उठून उभे राहतात आणि ‘सावधान’ ऐकलं की स्क्रीनवर अक्षता टाकतात. त्यासाठी टेबलावर कुंकवाच्या तांदळाची वाटी भरलेलीच असते.

मी एकदा हसलो, तर माझ्यावरच डाफरले, “लगीन लागाय लागलंय आन् बसून ऱ्हाऊ व्हय? घरात काय शिकीवलंय का न्हाय तुला?”

एके काळी अर्ध्या कोल्हापूरची लग्नं आण्णांनीच शूट केली. खांद्यावर कॅमेरा घेऊन आण्णा पुढे आणि हात उंच करून लाईट धरलेल्या त्यांच्या बायको, शालनकाकू, मागे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. कॅसेटचा जमानाही संपला. आता लोक माळ्यावरच्या कॅसेटी पोत्यात भरून आणतात.

तीन तासांची कॅसेट उतरायलाही तीनच तास लागतात. दुसरा कुणीही मशीन लावून चहाला जाईल. आण्णा जागचे हलत नाहीत. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं लग्न बघतात आणि तेही गप्प बसून नव्हे. “आरं त्या म्हाताऱ्याला जिलबी वाढ की!” असं स्क्रीनमधल्या वाढप्याला ओरडून सांगतात. शिरोली एमआयडीसीतले एक कारखानदार घाईत होते. म्हणाले, “मधलं मधलं पुढं ढकला.” आण्णांनी कॅसेट काढून त्यांच्या हातात ठेवली. “लग्नातनं मधीच उठणारा पावणा आमाला चालत न्हाय.” साहेब मुकाट्यानं बसले आणि स्वतःच्याच लग्नात रडलेसुद्धा.

माझ्या ताईच्या लग्नाची कॅसेट मात्र पुरात भिजली होती. शूटिंग आण्णांचंच. वडील गेले, आता त्यांचा आवाज उरलाय तो तेवढ्या एका कॅसेटमध्ये, आणि आईला तो एकदा ऐकायचा होता. आण्णांनी आतला चिखल बघितला, “नाद सोड” म्हणाले आणि लगेच स्क्रू काढायला बसले. मग कितीतरी दिवस फीत पुसणं, वाळवणं, दुसऱ्या डबीत गुंडाळणं. इतकी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

शेवटी चित्र आलं. मुंग्या होत्या, पण आलं. अक्षता पडल्या, इकडून आण्णांच्याही पडल्या. दारात उभे राहून बाबा प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, “जेवल्याबगार जायाचं न्हाय हं!” आईनं डोळ्यांना पदर लावला. मी आण्णांचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी हात वर केला. “थांब. अजून हाय.”

पंगती उठल्या. मांडव रिकामा झाला. एकाएकी उजेड हलला आणि चित्रात नसलेल्या एका बाईचा दमलेला आवाज आला, “अवो, हात भरून आला माझा. तुमी जेवलासा का?”

शालनकाकू! जन्मभर दुसऱ्यांवर लाईट धरणारी ही बाई एकाही चित्रात नाही. आण्णा लोकांच्या लग्नांत शेवटपर्यंत का बसतात, ते मला तेव्हा कळलं.

मुठीत उरलेल्या अक्षता आण्णांनी हळूच वाटीत ठेवल्या.

“जेवलो की,” ते स्क्रीनकडे बघून म्हणाले. “ठेव ती लाईट खाली. तू बी जेव आता.”