पळवलेले पाहुणे

"माझ्या चादरी इस्त्री होऊन पडल्यात, आणि ती माणसं बघ, धाकटीच्या अंगणात बसून चरताहेत," गारुफालिया खिडकीच्या फटीतून बघत पुटपुटली. मानी प्रांतातल्या राहत्या दगडी बुरुजांना खिडक्या म्हणजे फटीच. पूर्वी त्यांतून शेजाऱ्यावर बंदूक रोखत. गारुफालियाकडे बंदूक नव्हती, पण नजर तेवढंच काम करायची.

"कोण चरतंय?" लिआसने जाळं विणता विणता विचारलं.

"आपले पाहुणे. थेस्सालोनिकीचे."

लिआसने मान वर केली नाही. बायकोच्या आवाजाला अशी धार आली की मान खाली ठेवावी, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकला होता.

बापाच्या बुरुजाची वरची खोली झाडून, रंगवून गारुफालियाने ती पाहुण्यांसाठी उघडली होती, आणि हे तिचे पहिलेच पाहुणे. ही बातमी तिने पाद्रीबाबांपासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांना दिली होती. आता तेच पाहुणे धाकट्या बहिणीच्या घरी रात्र काढणार असतील, तर उद्या विहिरीवर तोंड दाखवायची सोय नव्हती.

फोनवर तिने खूण सांगितली होती, "गावात शिरलात की दुसरा बुरूज." वरच्या रस्त्याने शिरलं तर दुसरा बुरूज तिचाच. पण पाहुणे समुद्राच्या बाजूने आले, आणि तिकडून दुसरा बुरूज धाकट्या बहिणीचा, स्तमाताचा. स्तमाताने काय केलं, तर दारात दोन दमलेली माणसं दिसली म्हणून ताटं मांडली. या गावात आधी जेवू घालतात, मग नाव विचारतात. पाहुण्यांना वाटलं, बरोबर घरी आलो. चूक कोणाचीच नव्हती, म्हणून तर गारुफालिया जास्त पेटली होती.

"जा, घेऊन ये त्यांना," ती म्हणाली.

"तू जा की. बहीण तुझी."

"मी बोलत नाही तिच्याशी."

"मग मी तरी कुठे बोलतो?"

"तू माझ्यामुळे बोलत नाहीस. तुझा अबोला मोडला तर चालतो."

लिआस टोपी घालून गेला. फटीतून तो भिंतीपलीकडे पोचलेला दिसला, त्याने टोपी काढलेली दिसली, आणि मग तो खुर्ची ओढून बसलेला दिसला. स्तमाताने त्याच्यापुढे धुरावलेल्या डुकराच्या मांसाची आणि अंड्यांची बशी सरकवली.

"फितूर," गारुफालिया फटीला म्हणाली आणि तिने पाहुण्यांना फोन लावला.

पेर्साबाईंनी उचलला. "हो, पोचलो ना. जेवण काय झालंय म्हणून सांगू. आमचे आर्गिरिस तर तिसऱ्यांदा वाढून घेताहेत. आपण कोण?"

"मी गारुफालिया. घराची मालकीण."

"असं कसं? त्या तर समोर उभ्या आहेत, कणकेच्या लालांगिया तळताहेत."

गारुफालियाच्या अंगाची लाहीलाही झाली. खोली गेली, पाहुणे गेले, नवरा गेला, आणि आता नावही गेलं. फोन पलंगावर आपटून ती अंगणात आली. दोन अंगणांमधली भिंत छातीएवढी. अलीकडे तिची शेळी बांधलेली होती.

"ऐकलंस का गं," ती शेळीला म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "काही लोकांना दुसऱ्याचं उचलायची सवयच असते. आईच्या मयताला थोरलीचा मान उचलला. आता पाहुणे."

पलीकडे कढईतली पळी थांबली. स्तमाता चुलीपाशी झोपलेल्या मांजरीकडे वळली. "मने, तू सांग, भुकेल्या माणसाला मी आधी विचारायचं होतं का, की बाबा, तू कोणाचा?"

"जेवल्यावर तरी विचारायचं होतं म्हणावं," गारुफालियाने शेळीला सांगितलं.

"जेवण अजून चाललंय म्हणावं."

आर्गिरिसने घाईने काटा खाली ठेवला. पेर्साबाईंना आपण दुसऱ्याच घरात बसलोय हे तेव्हा उमगलं. त्या ओशाळून लिआसला हळूच म्हणाल्या, "हे मान उचलणं म्हणजे काय हो?"

लिआसने तोंडात मोठा घास कोंबला. उत्तर टाळायला ती चांगली सोय होती.

मानीत मेलेल्या माणसाला गाण्याशिवाय निरोप देत नाहीत. शवापाशी बायका बसतात, आणि पहिलं गाणं थोरल्या लेकीने रचून म्हणायचं. आईच्या वेळी ते धाकट्या स्तमाताने म्हटलं. तेव्हापासून बहिणींचा अबोला. धाकटीने मान हिसकावला, असं गारुफालिया सांगे, आणि गावात कोणी तिचं म्हणणं खोडून काढलं नव्हतं. स्तमातानेही नाही.

पेर्साबाई शहरातल्या. कुठे गप्प बसावं हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी सरळ स्तमातालाच विचारलं, "मावशी, तुम्ही खरंच हिसकावलं?"

लिआसला ठसका लागला. स्तमाताने लालांगियाची थाळी मेजावर ठेवली, पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले, आणि भिंतीकडे न बघता म्हणाली, "हो. हिसकावलं. मोठेपणाची हौस होती मला."

हेच ऐकायला गारुफालिया इतकी वर्षं आसुसली होती. आता शेळीला चार शब्द सुनवावेत, पाहुण्यांच्या बॅगा उचलाव्यात आणि ताठ मानेने घरी यावं, एवढंच उरलं होतं. पण तिचा संताप उतरायचा सोडून भलतीकडेच भडकला. शेळीला बाजूला ढकलून तिने दोन्ही हात भिंतीवर टेकले.

"स्तमाता, परक्या माणसांसमोर खोटं बोलायला लाज नाही वाटत? कसली हौस? सगळं गाव बसलं होतं, आई समोर होती, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. तू गायली नसतीस, तर आई गाण्याशिवायच गेली असती."